लेबलावरून मी गाळलेल्या चार ओळी

मी कमी बोलतो असं आमच्या जाफराबादेत सगळे म्हणतात, आणि ते कौतुकानंच म्हणतात. लग्नपत्रिका छापायला आलेल्या माणसाला आपलं ऐकून घेणारा छापखानेवाला हवा असतो. दोन भावांनी वेगवेगळ्या पत्रिका छापल्या, एकाच्या पत्रिकेत दुसऱ्याचं नाव नाही, तरी मी विचारत नाही. पण या न बोलण्याच्या आडोशाला मी एक खोटं बोललो होतो. अगदी लहान, सहा शब्दांचं. ते बाहेर काढायला अडीच वर्षं लागली.

खोटं बोललो ते वहिनीशी. आई गेली तेव्हा मी सातवीत होतो आणि त्याच वर्षी थोरल्या भावाचं लग्न झालं. म्हणजे मला डबा करून देणारी, मास्तरांना जाऊन भेटणारी, परीक्षेच्या दिवशी तळहातावर दही ठेवणारी वहिनीच. स्वतः चौथी शिकलेली. भाऊ-वहिनी अजून गावाकडंच असतात, पिंपळगाव रेणुकाईच्या अलीकडं. मी पन्नाशी ओलांडली तरी ती मला 'भाऊजी' म्हणते आणि 'तुम्ही' म्हणूनच रागावते.

गावात तिनं दहा जणींचा बचत गट उभा केला होता. आधी शेवया, पापड, कुरडया. मग जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याशी बोलणं झालं. जीवनसत्त्वं आणि खनिजं घातलेली पावडर कारखाना तयार करणार, मोठ्या पिशव्यांतून गावात पाठवणार. गटानं ती डब्यांत भरायची आणि आपल्या नावानं विकायची. दुधात एक चमचा घालून घ्यायची पावडर. त्यासाठी बायकांनी प्रशिक्षण घेतलं, पॅकिंगचा परवाना काढला, समाजमंदिरामागच्या खोलीत फरशी बसवून घेतली.

पहिले डबे भरले त्या दिवशी मी तिथं होतो. डोक्याला जाळीच्या टोप्या, हातात मोजे, तोंडाला फडकं. गटातल्या सगळ्यात वयस्कर मावशी, जिच्या जिभेला सगळं गाव टरकून असतं, वजनकाट्यापुढं बसून म्हणाली, "आपण डबे भरून राह्यलो का कुणाचं पोट फाडून राह्यलो, ह्ये तरी सांगा गं!" हसण्यानं एकीच्या हातातला चमचा पडला. वहिनी ओरडली, "हसायचं तर भाईर जाऊन हसा, वजन बराबर भरा!" आणि स्वतःच फडक्यात तोंड लपवून हसायला लागली. मला ती त्या दिवशी जितकी सुंदर दिसली तितकी तिच्या लग्नातही दिसली नव्हती.

लेबल माझ्याकडंच येणार होतं, ते सांगायलाही नको. कारखान्यानं गटाला एक छापील कागद दिला होता: लेबलावर काय काय असलंच पाहिजे. तो वहिनीनं घडी करून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, स्वतः जाफराबादच्या एसटीत बसून माझ्या हातात आणून दिला. हे मी मुद्दाम सविस्तर लिहितोय. स्वतः आणून दिला. माझ्या हातात दिला.

आता आमच्या छापखान्याची पद्धत सांगतो. आमच्याकडं कुठलंही लेबल कोऱ्या पानावर सुरू होत नाही. मागच्या कामाची फाइल उघडायची, नाव बदलायचं, रंग बदलायचा. आणि आमची मागची कामं म्हणजे काय? बियाण्यांच्या पिशव्या आणि फवारणीच्या बाटल्या. वहिनीच्या कागदावर जस्त, लोह, कॅल्शियम अशी यादी पाहिली आणि मला वाटलं, अरे, ही तर ओळखीची मंडळी! कपाशीवर मारायच्या सूक्ष्म अन्नद्रव्याच्या बाटलीवरही जस्त आणि लोह असतंच. मी तीच फाइल उघडली. कपाशीच्या बोंडाच्या जागी दुधाचा पेला बसवला.

आणि मग कागदावरच्या त्या चार ओळींपाशी अडलो. हे औषधी वापरासाठी नाही. संतुलित आहाराला हा पर्याय नाही. सांगितलेल्या मात्रेपेक्षा जास्त घेऊ नये. लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. मी मनात म्हटलं, आपल्याच मालावर इतके नकार कुणी लिहितं का? माझ्या वहिनीचा डबा आणि त्यावर चार वेळा 'नाही, नाही' आणि 'नको, नको'? फवारणीच्या बाटलीवर जोरात लिहिलेलं असतं तेव्हा ती खपते, हे मी वर्षानुवर्षं पाहत आलोय. मी त्या चारही ओळी गाळल्या. रिकाम्या जागेत माझ्या पदरचं ठळक अक्षरात टाकलं: 'रक्त वाढते. गोळ्यांची गरज उरत नाही.' कागदाचं काम झालं होतं. मशीनवर सांडलेली शाई मी त्यानंच पुसली.

प्रूफ घेऊन गावात गेलो तेव्हा बायका गोळा झाल्या. एकीनं मोठ्यानं वाचायला घेतलं आणि मधेच थांबली. मी जुन्या फाइलमधली एक ओळ पुसायला विसरलो होतो: 'आठ दिवसांत काळोखी येते.' कपाशी तरारून गर्द हिरवी झाली की आमच्याकडं शेतकरी म्हणतात, पिकाला काळोखी आली. पण माणसाच्या डब्यावर! मावशी उठून उभी राहिली. "ऑं? म्या ह्या वयात काळी हून कुठं जाऊ? न्हाई, माझा म्हातारा ओळखायचा न्हाई मला!" दुसरी म्हणाली, "मावशे, तुला बोंडं लागतील, बोंडं!" वहिनी डोळे पुसत म्हणाली, "भाऊजी, फवारायची कशानं ते बी लिहा." त्या हसण्याच्या गोंधळात ती एक ओळ पुसली गेली आणि बाकी लेबल पसंत पडलं. काय लिहिलंय त्यावर सगळ्या पोट धरून हसल्या. काय लिहिलेलं नाही, ते कुणी पाहिलं नाही. मीही हसलो.

भोकरदनला महिला गटांचा मेळावा होता, तिथं आमचा पहिला स्टॉल लागला. मी बॅनर बांधायला गेल्तो. डबे भराभर खपत होते, वहिनी नव्या लुगड्यात खुर्चीवर बसायला तयार नव्हती. दुपारी अन्न खात्याच्या मॅडम फिरत फिरत आल्या. डबा उचलला, पुढून वाचला, फिरवला, मागून वाचला. मग परत पुढून.

"अध्यक्ष कोण?"

"मी, मॅडम," वहिनी पुढं झाली.

"गोळ्यांची गरज उरत नाही, असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

वहिनी डब्यावरची ती ओळ शोधू लागली. मावशीला मात्र राहवेना. "खरं हाये मॅडम. म्या दवाखान्याच्या रक्ताच्या गोळ्या सोडल्या की. ह्ये घेऊन राह्यले मी रोज, दोन दोन चमचे."

मॅडमनी डबा खाली ठेवला. रागावल्या नाहीत, तेच जास्त लागलं. स्टूल ओढून मावशीजवळ बसल्या. "मावशी, हे खाण्याला जोड म्हणून आहे. औषध नाही. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या आजपासून पुन्हा सुरू करायच्या, आणि हे एकच चमचा." मग आम्हा सगळ्यांना डब्यावर बोट ठेवून दाखवलं. नावाशेजारी हे पूरक आहे असं ठसठशीत हवं. एका चमच्यात कुठलं जीवनसत्त्व किती आणि दिवसाच्या गरजेत ते किती टक्के बसतं, ते हवं. रोग बरा करतो, औषध बंद करतो, असा एक शब्दही चालत नाही. आणि त्या चार ओळी हव्यातच. "हे 'नाही' मावशींसारख्यांसाठीच असतात," त्या म्हणाल्या.

मग विचारलं, "कारखान्यानं कागद दिला नव्हता का?"

"दिल्ता," वहिनी म्हणाली आणि माझ्याकडं वळली. "भाऊजी, मी आणून दिल्ता ना तुमाला?"

पाच-पन्नास माणसं बघत होती. मी म्हणालो, "असा कागद न्हाई आला माझ्याकडं, वैनी."

तिनं क्षणभर माझ्याकडं पाहिलं. माझ्यावर संशय घ्यायचं तिच्या मनातच आलं नाही. तिनं स्वतःवरच घेतला. "मंग माझ्याच हातून कुठंतरी राह्यला असंल, मॅडम. चूक माझी."

विक्री थांबली, सुधारणेची नोटीस मिळाली. नवी लेबलं मी मॅडमनी सांगितली तशी तंतोतंत छापली, जुनी सगळी नष्ट केली. महिन्याभरात गटाचं काम पूर्ववत झालं. मावशीच्या गोळ्या सुरू झाल्या, तपासणीत रक्तही ठीक निघालं. कुणाचं काही बिघडलं नाही, असं मी स्वतःला समजावत राहिलो. पण वहिनीनं अध्यक्षपद सोडलं. म्हणाली, कमी शिकलेल्या बाईचं हे काम न्हाई. डबे भरायला पहिली यायची, पण कागद दिसला की हात मागं घ्यायची. साधी पावती आली तरी "त्येंच्याकडं द्या, मी हरवते." परवाना काढायला सरकारी कचेरीच्या पायऱ्या चढलेली माझी वहिनी! आणि मी गावात गेलो की म्हणायची, "भाऊजींनी नवं लेबल केलं म्हणून गट वाचला." बोलावं म्हणून चार वेळा गावाला गेलो, चार वेळा जेवून परत आलो.

यंदा वहिनीच्या जागी आलेल्या अध्यक्षीण बाई नवऱ्याच्या नोकरीपायी जालन्याला राहायला निघाल्या. त्याच सुमारास कारखान्यानं आणखी एक पावडर द्यायचं ठरवलं, म्हणजे पुन्हा परवान्याचं काम, पुन्हा लेबल, पुन्हा कारखान्याचा कागद. बैठक होती. मी नव्या डब्याचं माप घ्यायला आल्तो, टेप हातात. सगळ्या एका आवाजात वहिनीचं नाव घेऊ लागल्या. तिनं मान हलवली.

"मला नको. एक कागद सांभाळता आला न्हाई मला. पुन्हा तुमाला खड्ड्यात घालू का?"

"कागद तुम्ही हरवला न्हाई," मी म्हणालो.

आधी कुणाला कळेचना की कोण बोललं. मी पुढं बोललो, एका दमात, टेपेकडं बघत. कागद माझ्या हातात आला होता. मी वाचला होता. ओळी मीच गाळल्या, खोटी ओळ मीच लिहिली, कागदानं शाई पुसली, आणि मेळाव्यात सगळ्यांसमोर खोटं बोललो.

पहिली बोलली ती मावशी. "म्हंजे माझ्या गोळ्या तुमच्यापायी सुटल्या म्हणा की! आन् उगी गोळ्या देतो म्हणून म्या दवाखान्यातल्या डाक्टरला शिव्या घातल्या, त्याला आता कोण समजावंल?"

वहिनी जागची उठली. मला वाटलं, आता मारते. खरं सांगतो, मारलं असतं तर बरं वाटलं असतं. "गव्हाची कोठी उपसली मी," ती म्हणाली. "पुरी कोठी. ट्रंका उचकल्या. देवाच्या फोटोमागं पाह्यलं. तुमच्या भावाला म्हणलं, तुमीच बंबात घातला. त्ये बिचारे शपथा घेत व्हते, आन् मी चार दिवस बोलले न्हाई त्येंच्याशी!" बोलता बोलता तिचा आवाज फुटला, आणि कुठं फुटला ते कुणाला समजायच्या आत ती हसायला लागली. चार दिवस मुकाट्यानं जेवणारा माझा भाऊ सगळ्यांच्याच डोळ्यांपुढं आला असावा. खोली हसण्यानं भरून गेली. मी रडत होतो आणि हसतही होतो, पन्नाशीचा माणूस, हातात टेप.

"भाऊजी," हसू आवरल्यावर ती म्हणाली, "तुमी ओळी गाळल्या ते मी समजू शकते. माझ्यासाठीच केलं. पण मला यडं ठरवलं ते न्हाई समजत."

मी टेप खाली ठेवली आणि म्हणालो, "चुकलो, वैनी."

मग तिनं हात पुढं केला. माझ्याकडं नाही, जालन्याला निघालेल्या अध्यक्षीण बाईंकडं. "द्या इकडं तो नवा कागद." चष्मा लावला. बोट ठेवून, अडखळत, एकेक ओळ वाचली, आणि प्रत्येक ओळ मला मोठ्यानं म्हणायला लावली. औषधी वापरासाठी नाही. पर्याय नाही. जास्त घेऊ नये. 'लहान मुलांच्या हाती' आल्यावर मावशी मधेच म्हणाली, "आन् दिरांच्या हाती बी!" पुन्हा हसण्यात सगळं थांबलं. शेवटी वहिनीनं हुकूम सोडला: या ओळी मागच्या कोपऱ्यात बारीक नकोत, म्हातारीला चष्म्याशिवाय दिसतील एवढ्या हव्यात, दुधाचा पेला लहान करा. त्या दिवशी ती पुन्हा अध्यक्ष झाली. ठराव झाला की नाही, मला आठवत नाही. सगळ्या तिच्या पाठीमागं चहाला निघाल्या, एवढं आठवतं.

संध्याकाळी घरी भावाची माफी मागितली. तो म्हणाला, "दोघांनी मागा. चार दिवस म्हंजे चार दिवस." वहिनीनं मागितली नाही, पण त्याच्या ताटात तूप जास्त वाढलं.

आता तिचा कुठलाही कागद मोबाइलवर फोटो होऊन येतो, आणि पाठोपाठ फोन.

"भाऊजी, मिळाला का?"

"मिळाला, वैनी."

"मोठ्यानं म्हणा. हितं सगळ्या बसल्यात, ऐकून राह्यल्यात."

मग मी छापखान्यात उभा राहून ओरडतो, "मिळाला! मिळाला!" पत्रिका घेऊन आलेलं गिऱ्हाईक दचकून बघतं. पलीकडून मावशीचा आवाज येतो, "शाई पुसू नका म्हणावं!", आणि फोन हसण्यातच बंद होतो.