मामींचे तीन सेकंद

आमच्या मामेसासऱ्यांना निघायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात दुसरा माणूस दिघीहून आगरदांड्याला जाऊन परत येईल. आयुष्यभर त्यांनी त्याच दोन गावांमधल्या खाडीतल्या फेरीबोटीवर दोरखंड सांभाळला आणि बोट धक्क्याला नीट टेकल्याशिवाय कुणाला उतरू दिलं नाही, त्याचाच हा परिणाम असावा. ‘येतो हां’ म्हणून उठतात ते ओटीवर टेकतात. तिथून उठले की पायरीवर. मग चपला घालून फाटकाशी पाणी मागतात. माझी बायको त्यांचं पहिलं ‘येतो’ ऐकलं की सरळ भात टाकते.

निवृत्तीनंतर मामांनी मोबाइलवर शूटिंग सुरू केलं, आणि श्रीवर्धनात घरबसल्या लग्नाचे व्हिडिओ जोडणारा भाचीजावई त्यांना आयताच सापडला. लग्नसराईत माझी मान आधीच मोडलेली. त्यात मामा शेजारी खुर्ची ओढून बसणार आणि एक चित्र दुसऱ्यात सावकाश विरघळत जावं म्हणून तासभर हुज्जत घालणार. मी चित्र मध्येच तोडलं की म्हणायचे, पाव्हण्याला कुणी असं ढकलून देतं काय? एकदा हरिहरेश्वराच्या देवळातून बाहेर पडणाऱ्या आपल्या व्याह्यांना त्यांनी इतकं सावकाश विरघळवायला लावलं, की पुढच्या क्लिपमधल्या म्हशीच्या पाठीवर व्याही बराच वेळ दिसत राहिले. व्याही अजून माझ्याशी बोलत नाहीत. मामांशी बोलतात.

गेल्या वर्षी मामी गेल्या. वर्षश्राद्धाला सगळे जमतील तेव्हा दाखवायला तिचा व्हिडिओ करून द्या, म्हणून मामा आले. अकरा क्लिपा, आणि एकही तीन सेकंदांहून मोठी नाही. कारण मोबाइल दिसला की मामी ‘बंद करा ते’ म्हणत तोंडावर पदर घेऊन आत जायच्या. मामा म्हणाले, प्रत्येक ठिकाणी दोन-दोन सेकंदांचं सावकाश ठेवा. मी थकल्या आवाजात सांगितलं, क्लिप तीनची, दोन्ही बाजूंचे मिळून चार, मावणार कसे? सॉफ्टवेअर दीडच्या पुढे सरकेना. मासळीवालीशी घासाघीस हरल्यासारखं मामा म्हणाले, बरं, दीड तर दीड.

व्हिडिओ लावला. विळीवर नारळ खवणाऱ्या मामी कुठे उमटताहेत, तोच अंगणात आमसुलं वाळत घालणाऱ्या मामी त्यांच्यावर चढायला लागल्या. सगळा वेळ त्या एकतर येत होत्या, नाहीतर जात होत्या. मामांनी चष्मा पुसला आणि व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितलं.

“जावईबापू, ही पुरती अशी कुठंच दिसत न्हाय.”

मला खोटं बोलवेना. “मामा, ही सावकाशी वरून वेगळी मिळत नाही. मामींच्याच सेकंदांतून जाते.”

मामांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

“मग काढा सगळं. तिचे तीन सेकंद तिला पुरे द्या.”

मी काढलं. अकरा वेळा मामी आल्या, स्वच्छ दिसल्या, पदर ओढला आणि तटकन गेल्या. मामा उठले, चपला घातल्या आणि चालू पडले. ओटीवर टेकले नाहीत, पाणी मागितलं नाही. मी घाईने फाटकाशी आलो, तर रस्ता रिकामा होता.

आतून बायकोनं विचारलं, “मामा येतो म्हणाले का? भात टाकू?”