निळ्या फुलदाणीवरची आठवी बाई

थळजवळच्या एका बंगल्यात मी कोठी सांभाळायची. बंगला मुंबईच्या शेठजींचा. सत्तेचाळीस साली मायदेशी निघालेल्या इंग्रज साहेबाकडून त्यांनी तो सामानासकट घेतलेला. दर मे महिन्यात शेठाणीबाई यायच्या. त्याआधीचा आठवडा माझ्या याद्या संपत नसत आणि पाठ धरलेली असे.

सामानात एक निळी फुलदाणी होती. विलायतेतल्या जुन्या कारखान्याची, बिनचकाकीची. भोवती हात धरून नाचणाऱ्या आठ पांढऱ्या, उठावाच्या बायका. शेठाणीबाईंचा तिच्यावर फार जीव. त्या यायला पाच दिवस असताना केरवारा करणारी कोळीण ती पुसत होती. एक बाई निखळली आणि फरशीवर तिचा चुरा झाला.

"बाय, आता मला काडतील," ती म्हणाली. नवरा होडीसकट गेलेला, पदरात दोन मुली.

"रडू नकोस. जुनं लुगडं असेल तर दे."

फुलदाणी त्यात गुंडाळून मी एसटीने पेणला गेले, गणपतीच्या कारखान्यात. म्हाताऱ्या मूर्तिकारांनी ती सावकाश फिरवून पाहिली.

"हे आमच्यासारखंच की. एकाने साच्यात दाबायचं, दुसऱ्याने काढायचं, तिसऱ्याने चिकटवायचं. साहेबाने वेगळं काय केलं?"

"भाव वेगळा लावला," मी म्हटलं.

शेजारच्या बाईवरून त्यांनी साचा घेतला आणि चार दिवसांनी बोलावलं. गेले, तर शाडूची नवी बाई हुबेहूब जागेवर होती. फक्त तिला डोळे होते. बाकी सातजणींचे कोरे. हिचे काळेभोर, रेखीव.

"काका, हे काय?"

ते स्वतःच चपापले. "चाळीस वर्षं शेवटी डोळेच काढतोय. हात आपोआप गेला."

वरून पांढरा दिला, तर काळं खालून उमटलं. बाई रात्रभर जागल्यासारखी दिसू लागली. दुसरी करायला वेळ नव्हता; शेठाणीबाई सकाळी येणार होत्या.

ती बाजू मी भिंतीकडे केली. शेठाणीबाईंनी चहाच्या आधीच फुलदाणी फिरवली.

"हिला काय झालं?"

दमट हवेचं कारण मी तयार ठेवलं होतं. पण कोळीण आधी बोलली. "माज्या हातून फुटली. ही नवी हाय."

शेठाणीबाईंनी फुलदाणीवरच्या त्या बाईवरून बोट फिरवलं. "उद्यापासून मागच्या वाडीत नारळ सोल," त्या म्हणाल्या. "घरात पाऊल टाकायचं नाही."

संध्याकाळी ती विहिरीवर भेटली. "काडलं न्हाय, बाय. पोरी जेवतील."

फुलदाणी पुसायचं काम माझ्याकडे आलं. मी तिथे होते तोवर ती रोज जीव मुठीत धरून पुसली.