माझ्या वाट्याचा अध्याय

माझ्या यजमानांना दुसऱ्या बाईचा नाद नव्हता, दारूचा नव्हता, पत्त्यांचाही नव्हता. तरी त्या वर्षी पांढरकवड्याच्या आमच्या दोन खोल्यांत सवत आल्यासारखी मी जळत होते. जळत होते ती पवित्र शास्त्रावर, म्हणजे बायबलवर. हे लिहिताना आजही हात अडखळतो, पण प्रभूने माझ्यासाठी काय केलं ते सांगायचं तर तिथूनच सुरुवात करायला हवी.

आम्ही दोघंही ख्रिस्ती घरांत वाढलेलो. रविवारी उपासनेला जायचं, नाताळला नवं लुगडं नेसायचं, एवढीच आमची भक्ती. हे हमरस्त्यावर मिस्त्रीकाम करत. नागपूर-हैदराबाद ट्रकांच्या स्प्रिंगांचे मोडलेले पाटे काढून नवे बसवायचे. संध्याकाळी हातपाय धुऊन चुलीपाशी बसले की दिवसभरातल्या ड्रायव्हरांच्या गोष्टी सांगत. कुणाचा ट्रक घाटात कसा अडकला, कोण सरदारजी कुठल्या ढाब्यावर कसा भांडला. भाकरी थापताना मी ऐकायची. आम्हाला मूलबाळ नव्हतं. ती संध्याकाळची वेळ हाच माझा संसार होता.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आदल्या वर्षी, जानेवारीतल्या पहिल्या उपासनेनंतर आमच्या पाळकांनी घरटी एक छापील तक्ता दिला. रोज कोणते अध्याय वाचायचे हे त्यात तारखेवार दिलं होतं. तसं वाचत गेलं की वर्षाअखेर सगळं शास्त्र वाचून होणार. ह्यांनी तो तक्ता खिळ्याला लावला आणि दुसऱ्या दिवसापासून हा माणूस बदलला. पहाटे उठून वाचायचे, कामावरून आले की पुन्हा वाचायचे. मनातल्या मनात. ओठ तेवढे हलायचे. मधेच हसायचे, कधी डोळे पुसायचे. मी विचारायची, "काय लिवलं हाये?" ते मान वर न करता म्हणायचे, "सांगतो मंग." ते 'मंग' कधी आलंच नाही.

मी लहानपणी मिशनच्या शाळेत दुसरीपर्यंत गेले होते. पुढे आईबरोबर कापूस वेचायला जाऊ लागले आणि अक्षरं विसरून गेले. त्यामुळे त्या पानांवर ह्यांना काय भेटतं, ते मला कळायला मार्ग नव्हता. मी भांडी आपटायची. दिव्यात तेल कमी घालायची. पाळकांना वाटे, मिस्त्रींच्या घरात जागृती झाली. मला वाटे, माझं घर रिकामं झालं. देवाची प्रार्थना करायला बसले की मनात एकच यायचं: तुला एवढी मोठी दुनिया आहे, माझा एक माणूस कशाला घेतलास?

एप्रिलच्या उन्हात, पाट्यावर घण मारताना लोखंडाची कपची उडाली आणि ह्यांच्या उजव्या डोळ्यात घुसली. यवतमाळकडे निघालेल्या एका ट्रकवाल्याने आम्हाला तसंच केबिनमध्ये घेतलं आणि मिशनच्या दवाखान्यात नेऊन सोडलं. डॉक्टरांनी कपची काढली. उजव्या डोळ्याची आशा नव्हती, आणि त्याच्यामुळे डावाही जाण्याची भीती होती. दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधली. उताणं पडून राहायचं, मान हलवायची नाही, पुढचं पुढे पाहू, असं सांगितलं.

मला खोटं सांगायचं नाही. भीती होतीच, पण त्या भीतीच्या तळाशी बारीकसा दिलासाही होता. आता तरी हे वाचणार नाहीत, माझ्याशीच बोलतील, असं मला वाटलं. दुसऱ्याच दिवशी पाळकांनी घरून आमचं शास्त्र आणि तक्ता थैलीत घालून पाठवला, आणि ह्यांनी वॉर्डातल्या दयाबाई सिस्टरना विचारलं, "सिस्टर, आजचा अध्याय वाचून दाखवान का?"

दयाबाई तरुण होत्या, अंगावर पांढरीशुभ्र साडी, आवाज मधासारखा. काम आटोपलं की त्या आपलं शास्त्र घेऊन खाटेजवळ उभ्या राहून वाचत. ह्यांना मान हलवायची मनाई, तरी ह्यांचा चेहरा त्या आवाजाकडे वळे. त्या बाईने कधी वावगा शब्द काढला नाही, उलट माझ्यासाठी चहा पाठवला. मी तो ओतून दिला. आधी मला पुस्तकाचा राग होता, आता त्या पुस्तकाला गळा फुटला होता आणि तो गळा दुसऱ्या बाईचा होता.

एका दुपारी त्या वाचू लागल्या तशी मी थैलीतून आमचं शास्त्र काढलं आणि व्हरांड्यात जाऊन बसले. वाटलं, पाहू तरी यात काय आहे! एक पान उघडलं. 'द' ओळखू आला, 'व' आला. पुढे सगळी गिचमीड. रडू आलं.

"कोन हाये? कायले तोंडातल्या तोंडात पुटपुटून राह्यली?"

भिंतीला टेकून एक म्हातारे गृहस्थ बसले होते. दोन्ही डोळ्यांवर हिरवं फडकं. मोतीबिंदू काढायला आले होते. बाभुळगावकडच्या शाळेत मास्तर होते म्हणे, आता घरी बसलेले. कपाळावर बुक्का होता.

मी म्हटलं, "वाचता येत नाही, गुरुजी. थोडं येत होतं, इसरली."

"माह्ये बी डोळे सध्या बंदच हायेत," ते म्हणाले. "तू मले अक्षर कसं दिसते ते सांग, मी त्याचं नाव सांगतो."

असा आमचा अभ्यास सुरू झाला. मी म्हणायची, "प सारखं हाये, पन त्याच्या पोटात काडी घातली." ते म्हणायचे, "तो षटकोनातला ष. पुढं?" कोणतं पुस्तक आहे हे त्यांनी विचारलं नाही. मीच एकदा सांगितलं, तर म्हणाले, "बरं हाये, जाड हाये. लवकर संपनार नाही." रोज दुपारी लू वाहायची, व्हरांड्यातल्या फरश्या तापायच्या, आणि आम्ही दोघं अक्षरांत गढून जायचो. पहिल्या दिवशी एक ओळ लागली. पुढे ओळीमागून ओळ येऊ लागली. विसरलेलं काही तरी हाताशी परत येत होतं. खरं सांगायचं तर तेव्हा मला देवाचं वचन नको होतं. मला दयाबाईंची जागा हवी होती.

मग एका सकाळी मी त्यांना म्हटलं, "आज मी वाचीन." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, स्टूल पुढे सरकवलं आणि दुसऱ्या खाटेकडे गेल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, चेष्टाही नव्हती.

मी थैलीतला तक्ता काढून तारीख शोधली. मनात होतं, आज एखादं गोड स्तोत्र निघेल, नाही तर आजाऱ्याला धीर देणारा अध्याय निघेल, आणि प्रभू माझ्या तोंडून ह्यांना काही सांगेल. निघाली ती इतिहासाच्या पहिल्या पुस्तकातली वंशावळ. अमक्याचा मुलगा तमका, त्याचा मुलगा फलाणा. जोडाक्षरांनी भरलेली, जन्मात न ऐकलेली नावं. एकेका नावाला मी तीनदा अडखळत होते. शेजारच्या खाटेवरचा माणूस कूस बदलून झोपला. कधी एकदा संपतंय असं झालं.

संपलं तेव्हा मी म्हटलं, "चुकलं असन माह्यं."

तेव्हा हे हसले. दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदा. म्हणाले, "सिस्टर नावं सोडून देत होत्या. तुनं एक बी सोडलं नाही."

"मले काय मालूम, सोडता येतात ते!"

"नको सोडू. उद्या बी वाच." आणि चाचपत माझा हात धरला. "तुले येते, हे मले सांगितलं काहून नाही?"

बातमी सांगायला मी धावत व्हरांड्यात गेले, तर गुरुजींची जागा मोकळी होती. सकाळच्या मोटारीने त्यांना गावी नेलं होतं. त्यांचं नावही मी कधी विचारलं नव्हतं. तो माणूस त्याच आठवड्यात त्याच व्हरांड्यात का येऊन बसला, यावर मी वाद घालत नाही. मी फक्त उपकार मानते.

पण गोष्ट इथे संपत नाही, कारण मत्सर एवढ्याने जात नाही. त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे होते. सकाळी मी वाचायची, संध्याकाळी मी वाचायची, आणि हे माझ्या आवाजाकडे चेहरा करून ऐकायचे. पट्टी सोडायचा दिवस डॉक्टरांनी सांगितला. त्याच्या आदल्या दुपारी मी नळावर कपडे धूत होते, आणि एकदम मनात आलं: डावा डोळाही आला नाही तर? मग हे कायम माझ्याकडूनच ऐकतील.

हातातलं धोतर तसंच राहिलं. पाणी वाहत होतं. कपची उडाली तेव्हा मी एवढी घाबरले नव्हते, जेवढी त्या विचाराला घाबरले. आपल्या माणसाने आंधळं राहावं, असं मला क्षणभर वाटलं होतं. मी तिथेच ओल्या फरशीवर गुडघे टेकले. शब्द सुचले ते एवढेच: "प्रभू, त्यायचे डोळे दे. मंग मले नाही इचारलं तरी चालन." आणि मी ते खरंच बोलत होते. त्याआधीच्या माझ्या सगळ्या प्रार्थना 'मला दे' अशा होत्या. ही पहिली, ज्यात मी हात सोडला. कुणी नळावर आलं, म्हणून उठून पुन्हा धोतर पिळलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी सुटली. उजव्या डोळ्यापुढे अंधार होता. डाव्याने हे बराच वेळ उघडझाप करत राहिले. डॉक्टरांनी विचारलं, "काय दिसतं?" हे म्हणाले, "खिडकी." मग म्हणाले, "खिडकीबाहेर लिंब हाये." दयाबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझा खांदा धरला आणि मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. त्या रडण्यात मत्सर किती उरला होता, देव जाणे. फार नसावा.

घरी आल्यावर हे पुन्हा स्वतःचं स्वतः वाचू लागले. ह्यांना वाचून दाखवण्याचं सुख मी प्रभूला देऊन चुकले होते, आणि दिलेलं परत मागायचं नसतं. कधी मन टोचायचं. टोचलं की तीच नळावरची प्रार्थना म्हणायची. आजही म्हणते. मत्सर एकदा टाकून संपत नाही. तो रोज उठून प्रभूच्या पायाशी ठेवावा लागतो, आणि प्रभू तो रोज उचलून घेतो. त्याच्या या धीराचे उपकार मी कशाने फेडणार?

त्या दिवशी दवाखान्यातून घरी परतताना आम्ही एका ट्रकच्या केबिनमध्ये बसलो होतो. हे खिडकीशी, मी मधे. वाटेत पळस, उन्हाने करपलेलं गवत, ओढ्यातली कोरडी वाळू, रस्ता ओलांडणाऱ्या म्हशी. मिस्त्री माणूस, समोरून येणाऱ्या प्रत्येक ट्रकची चाल बघत होता. पांढरकवडा येईपर्यंत ह्यांनी बाहेरून नजर काढली नाही. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी मात्र सारी वाट ह्यांचं ते पाहणं पाहत बसले होते, आणि मला आणखी काही नको होतं.