दमायच्या आधी थांबायचं

नागपूरच्या न्यूरॉलॉजिस्टकडे मी पेशंट म्हणून गेले नव्हते. धाकट्या भावाला, गजूला, घेऊन गेले होते. गजू भातकुलीजवळ आमची शेती बघतो. कबड्डी खेळत वाढलेला, अंगाने भरलेला माणूस, पण काही महिन्यांपासून धावताना पडत होता. डॉक्टरांनी त्याला भिंतीला हात लावून टाचा उचलायला सांगितल्या. त्या उचलल्या गेल्या नाहीत.

मग डॉक्टर माझ्याकडे वळले. आत येताना माझी चाल त्यांनी पाहिली असावी. म्हणाले, "तुम्हीही उभ्या राहा जरा."

माझ्याही टाचा जमिनीवरून सुटल्या नाहीत. वरच्या फळीवरचा डबा मी किती दिवस स्टुलावर चढून काढत होते. वजन वाढलंय, एवढंच मला वाटत होतं.

दोघांचं रक्त घेतलं. सीपीके म्हणजे स्नायू तुटले की रक्तात वाढणारा घटक. तो दोघांचाही खूप जास्त निघाला. पुढे जनुकीय तपासणीचा रिपोर्ट आला : लिंब-गर्डल मस्क्युलर डिस्ट्रॉफी. कंबर, खांदे आणि आमच्या प्रकारात पोटऱ्याही हळूहळू झिजत जाणारा आजार. आमचे आईबाबा मामे-आते भावंडं. दोघांकडून एकेक दोष आला आणि आमच्यात एकत्र झाला. औषध नाही.

डॉक्टरांनी समजावलं ते मी अजून विसरलेले नाही. "इतरांचे स्नायू व्यायामाने थोडे फाटतात आणि दुरुस्त होऊन जास्त मजबूत होतात. तुमच्यात दुरुस्तीच कमी पडते. वजनं उचलायची नाहीत, उठाबशा नाहीत. पण बसूनही राहायचं नाही. अंग हलतं ठेवा, आणि दमायच्या आधी थांबा."

परतीच्या वाटेवर तिवशाला चहा प्यायला थांबलो. गजू गाडीतून उतरला नाही. म्हणाला, "मंग मी काय म्हातारा झालो काय, ताई?"

मी अकोल्याला शाळेत शिकवते. जठारपेठेत घराजवळच एक फिजिओथेरपिस्ट मॅडम आहेत, त्यांच्याकडे जाऊ लागले. सतरंजीवर पडून गुडघा छातीशी आणायचा, घोटा फिरवायचा, श्वास सोडत पाय खाली न्यायचा. घाम येत नसे. काही केल्यासारखंच वाटत नसे. शाळेतल्या मैत्रिणी म्हणत, एवढ्याने काय होणार, रोज सकाळी जोरात चालत जा.

गजूने अमरावतीत जिम लावली. तिथल्या शिकवणाऱ्याला आजाराचं नाव सांगितलंच नाही, पाय कमजोर झालेत एवढंच सांगितलं. काही महिन्यांत त्याचे खांदे रुंद दिसू लागले. गावात सगळे म्हणत, गजू सुधारला. मी फोनवर ओरडले की तो हसायचा. "तू चटईवर पडून राह्य. मी बसून बसून मरणार नाई."

तेव्हा मलाही शंका येत होती. माझे पाय बारीक होत होते आणि त्याचे खांदे भरत होते. मॅडमना विचारलं, मी चुकतेय का? त्या म्हणाल्या, "तुमचे पाय मी परत आणू शकत नाही. आहेत ते जास्त दिवस राहावेत, एवढंच माझ्या हातात आहे."

एका सकाळी वहिनीचा फोन आला. आदल्या दिवशी गजूने खांद्यावर वजन घेऊन बैठका मारल्या होत्या. सकाळी मांड्या दगडासारख्या झाल्या, आणि लघवी काळ्या चहासारखी झाली. मी अकोल्याहून निघाले, पण पोचेपर्यंत त्याला अमरावतीच्या हॉस्पिटलात आयसीयूत हलवलं होतं.

ऱ्हॅब्डोमायोलिसिस. एकाच वेळी खूप स्नायू तुटतात, त्यांचा गाळ रक्तात उतरतो आणि किडन्या तुंबतात. डायलिसिस करावं लागलं. बाहेरच्या बाकावर वहिनी आणि मी बसून असायचो. तिच्या मांडीवर गजूचे कपडे. एकदा तिने विचारलं, "ताई, त्याईले कोणी अडवलं काहून नाई?" अडवणारी मीच होते, हे तिलाही माहीत होतं.

किडन्या सुधारल्या, पण पाय परत आले नाहीत. डिस्चार्जच्या दिवशी दोघांनी धरूनही तो पलंगावरून उठू शकला नाही. डॉक्टरांना मी विचारलं, व्यायामाने किती गेलं आणि आजाराने किती? ते म्हणाले, "ते वेगळं काढून सांगता येणार नाही. आजार पाय नेणारच होता. हे लवकर झालं."

गजूला घरी आणलं. एका रविवारी मी त्याच्याजवळ बसले होते, तेव्हा आपणहून म्हणाला, "जिमच्या टायमाले गावात कबड्डीचा सामना झाला. मी दोन चढाया केल्या. तू आली नाई पाहाले." मैदान खाचखळग्यांचं, पडायची भीती, म्हणून मी गेले नव्हते. तो म्हणाला, "तू पाय जपून राहिली होती, मले समजते. पण मी खेळलो, ताई."

ज्यांना हा आजार निघाला आहे, त्यांना माझं सांगणं एवढंच. भावाबहिणींनाही तपासून घ्या. लघवी काळी झाली तर घरी थांबू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. संथ हालचालींनी मी बरी झालेली नाही. काठीने चालते, पण अजून चालते. भावाला मात्र मी आता दोष देत नाही. त्याला किती जीव तोडून जगायचं होतं, ते मला दिसतं.

मॅडमकडून शिकून मी दर रविवारी भातकुलीला जाते आणि गजूचे पाय हलवते. टाच तळहातावर घ्यायची, पाऊल हळूच वर ढकलायचं. गेल्या रविवारी मधेच तो म्हणाला, "सोड. मी करतो." मी हात काढला. त्याचा चेहरा ताणला, आणि पाऊल जरासं वर आलं. वहिनी भाकरी टाकता टाकता दारात येऊन उभी राहिली. दुसऱ्यांदाही ते आलं. आता हा हट्टाला पेटणार, म्हणून मी त्याचं पाऊल धरायला वाकले. त्याने डोळे मिटले आणि पाय सैल सोडला.

"बस," तो म्हणाला. "आजच्याले एवढंच."