ठेवायला दिलेला फेटा

कुतुबुद्दीन जमादार हे फेटे बांधतात. लग्न असो, सत्कार असो, कुस्तीचे मैदान असो, त्यांना बोलावणे येते. समोरचा माणूस कितीही मोठा असला, तरी त्यांचे पहिले वाक्य ठरलेले असते : "पावणं, टोक धरा घट्ट." मग ते कापडाला पीळ देत त्या माणसाभोवती फिरू लागतात. शेमला पाठीवर सोडतात, तुरा उभा करतात आणि दोन पावले मागे सरून पाहतात. त्या पाहण्यात मला नेहमी माया दिसली आहे.

मी धोंडुबाई. साठी ओलांडल्यावर मी प्रौढ साक्षरता वर्गात लिहावयास व वाचावयास शिकले. आमच्या वर्गाच्या बाई निशिगंधा यांनी सांगितले की, ज्याच्याविषयी दुसरे कोणी लिहिणार नाही, अशा आपल्या ओळखीच्या माणसाविषयी लिहा. म्हणून मी हे लिहीत आहे.

शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठी आमचे गाव आहे. गावाच्या खालच्या गल्लीत कुतुबुद्दीनभाऊंचे आणि माझे घर समोरासमोर आहे. घरे अजून तेथेच आहेत. आम्ही मात्र तेथे नाही. मी कोल्हापुरात मुलीकडे राहते. कुतुबुद्दीनभाऊ आणि त्यांच्या पत्नी नजीरा आमच्या इमारतीपासून जवळच, मुलाच्या भाड्याच्या खोलीत राहतात.

आम्हाला गाव सोडावे लागले ते पुरामुळे, असे लोक म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. पूर आम्ही जन्मापासून पाहत आलो. पूर्वी पाणी चढत असे, शिवारात पसरत असे आणि उतरत असे. आम्ही भिंती धुऊन पुन्हा चूल पेटवत असू. पुढे नवा रस्ता झाला आणि त्यासाठी नदीच्या बाजूने मुरमाचा उंच भराव घातला गेला. त्या भरावाने पाण्याची वाट अडविली. पाणी आमच्या गल्लीत येऊन उभेच राहू लागले. मातीच्या भिंती विरघळू लागल्या आणि गल्ली रिकामी झाली.

कुतुबुद्दीनभाऊंच्या अंगणात सीताफळाचे झाड आहे. कोल्हापुरात आल्यापासून गावाकडचे कोणी भेटले की ते आधी झाडाची चौकशी करतात, मग माणसांची.

"झाडाला फळ धरलंय का?" ते विचारतात.

"धरलंय की. पर काढाय कोन हाय? पाखरं खात्यात."

"खाऊ द्यात," ते म्हणतात. "कुनीतरी ऱ्हातंय म्हनायचं तिथं."

भराव काढून तेथे खांबांचा पूल करावा, या मागणीसाठी लोक उठले, तेव्हा ते आंदोलन केवळ आमच्या गावापुरते राहिले नाही. हातकणंगल्याहून आणि कागलहून ट्रॅक्टर आले. दुकाने बंद झाली. बायका लेकरांना घेऊन डांबरावर बसल्या. मीही बसले. रस्ता इतका भरला होता की पोलिसांना वळावयासही जागा नव्हती. त्या गर्दीत विरोधी पक्षाचे नेते अमरसिंह आले आणि गाडीतून उतरून आमच्यामध्ये जमिनीवर बसले.

अमरसिंहांच्या लग्नात त्यांच्या डोक्यावरचा फेटा कुतुबुद्दीनभाऊंनी बांधला होता. त्यानंतर प्रत्येक मोठ्या प्रसंगी त्यांनीच बांधला. त्या दिवशीही आंबा रंगाचा सुती फेटा त्यांच्याच हातचा होता. भाषण संपविताना अमरसिंहांनी तो डोक्यावरून उतरविला आणि सर्वांसमक्ष कुतुबुद्दीनभाऊंच्या हातात दिला.

"चाचा, ह्यो तुमच्याकडं ठेवा," ते म्हणाले. "भराव फुटून तुमची गल्ली परत नांदाय लागली, की त्याच भरावाच्या जाग्यावर तुमीच माझ्या डोक्याला बांधायचा. तवर हे डोस्कं उघडं."

लोकांनी आकाश दणाणून सोडले. कुतुबुद्दीनभाऊ कापड छातीशी धरून उभे राहिले.

तेव्हापासून तो फेटा त्यांच्या खोलीत, कपाटाच्या वरच्या खणात आहे. पावसाळा सरला की ते तो गच्चीवर उन्हात घालतात. एवढ्या लांब कापडाची घडी एकट्याने होत नाही. एक टोक ते धरतात, दुसरे नजीरा धरते आणि दोघे घडी घालत एकमेकांकडे चालत येतात. मी एकदा ते पाहिले आणि मला वाटले की ही दोघे कापडाची घडी घालत नसून आपल्या घराकडे चालत आहेत.

अमरसिंहांनी शब्द पाळला. लग्नसमारंभात, जयंतीला, जत्रेला ते उघड्या डोक्याने गेले. फोटोत ओळीने फेटे आणि मध्ये एक उघडे डोके दिसले की आमचे लोक बोट ठेवून म्हणत, "ह्यो आपला."

मग निवडणूक जवळ आली आणि बातमी आली की उदयसिंह हे अमरसिंहांच्या आघाडीत आले आहेत. उदयसिंह कोण, हे आमच्या भागात सांगावे लागत नाही. तो भराव त्यांच्याच यंत्रांनी घातला. रात्रंदिवस मुरूम वाहणारे डंपर त्यांचे होते. आम्ही रस्त्यावर बसलो, तेव्हा आम्हाला "बिनकामाची माणसं" म्हणणारेही तेच होते. त्यांच्या पक्षाने त्यांना तिकीट नाकारले, म्हणून ते इकडे आले, असे लोक म्हणू लागले.

आमच्या इमारतीखाली चहाची गाडी आहे. तेथे गणपतराव बसतात. ते आमच्याच गावचे असून पूर्वी एस.टी.त कंडक्टर होते. त्यांचा आवाज अजून एस.टी.च्या मागच्या बाकापर्यंत पोहोचेल असा आहे.

"काय कुतुबभाई," त्यांनी हाक मारली, "तुमच्या अमरसिंहदादांनी कुनाच्या मांडीला मांडी लावली बघितलं न्हवं?"

"बघितलं की."

"पोकलेन कुनाचं हुतं? डंपर कुनाचं हुतं?"

"त्येचंच हुतं."

"मग?"

कुतुबुद्दीनभाऊंनी कप खाली ठेवला. "गणपतराव, पुरात आपन छपरावर बसल्यालो तवा साप बी हुता का न्हाय त्याच छपरावर? त्येला आपन बोलावलं हुतं व्हय? पानी वाढलं की सगळीच वर चढत्यात."

"खरं हाय. पर तवा आपन रातभर सापाकडं बघत बसलोतो. तुमचे दादा त्येच्या गळ्यात हार घालाय लागल्यात की हो!"

चहावाल्यासह सर्वजण हसले. कुतुबुद्दीनभाऊही हसले, परंतु माझ्याबरोबर आमच्या इमारतीचा जिना चढताना ते मध्येच थांबले आणि मला म्हणाले, "आक्का, सत्ता आल्याबगार भराव फुटत न्हाय. आन मानसं जोडल्याबगार सत्ता येत न्हाय. दादा बराबर असतील न्हवं?"

मी राजकारण जाणणारी नाही. मी म्हणाले, "असतील." माझ्या मनात मात्र शंका होती आणि त्यांच्याही मनात होती. तरीही आम्ही दोघांनी ती बोलून दाखविली नाही. घरी परतावे ही इच्छा एवढी मोठी होती की शंकेला तिने तोंड उघडू दिले नाही.

काही दिवसांनी अमरसिंहांचा कार्यकर्ता राजवीर याचा फोन आला. दसरा चौकात आघाडीची सभा होती. "चाचा, दादांनी तुमालाच बोलवायला सांगितलंय. स्टेजवर सगळ्यांचं फेटे हायत. आन दादांचा त्यो ठेवल्याला फेटा घिऊन या, बरं का."

त्या वेळी मी त्यांच्याच खोलीत होते. कुतुबुद्दीनभाऊंचा चेहरा एकदम तरुण झाला. त्यांनी कपाटातून फेटा काढला आणि पिशवीत ठेवला. नजीरा तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता विचारले, "भराव फुट्या क्या?"

"नै फुट्या."

"फिर फेटा कायकू?"

त्यांनी पिशवी मात्र हातातच ठेवली.

आंदोलनातील आम्हा बायकांना त्या सभेत व्यासपीठावर मागच्या ओळीत बसवावयाचे होते. म्हणून मीही त्यांच्याबरोबरच गेले. व्यासपीठामागे कापडी आडोसा करून खुर्च्या मांडल्या होत्या. तेथे आम्हाला थांबविण्यात आले. त्यामुळे पुढे जे घडले ते मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

प्रथम उदयसिंह बसले. कुतुबुद्दीनभाऊंनी तेथील गठ्ठ्यातून कापड घेतले आणि म्हणाले, "पावणं, टोक धरा घट्ट." त्यांनी तो फेटा नेहमीप्रमाणेच नीट बांधला. शेमला सरळ केला, तुरा उभा केला. फक्त दोन पावले मागे सरून पाहिले नाही.

मग अमरसिंह येऊन बसले. ते थकलेले दिसत होते. "चाचा, लय दिस झालं तुमचा हात लागून," ते म्हणाले आणि त्यांनी टोक धरण्यासाठी हात वर केला.

कुतुबुद्दीनभाऊंनी पिशवीतून आंबा रंगाचा फेटा काढला. टोक त्यांच्या हातात दिले. दुसरे टोक आपल्या हातात घेतले. कापड दोघांमध्ये ताणले गेले, पण ते पुढे सरकेनात.

"दादा," ते म्हणाले, "भराव फुटला का?"

बाहेर लाउडस्पीकरवर घोषणा चालू होत्या.

उदयसिंह मोठ्याने हसले. "फुटंल की हो चाचा! सत्ता येऊ द्या, पयली कुदळ मीच मारतो. घातलाय बी आमीच, काढाय बी आमीच!"

"मारा की," कुतुबुद्दीनभाऊ शांतपणे म्हणाले. "त्या दिशी ह्यो फेटा घिऊन मी तिथं हुभा ऱ्हातो." नंतर ते अमरसिंहांकडे वळले. "दादा, ह्यो तुमचाच हाय. मागितला तर आत्ता देतो, न्हाय कोन म्हनतोय? पर बांधायचा कुठं, ते तुमीच सांगितलं हुतं. माझा हात हितं चालंना झालाय. मला बी लय वाटतंय हो बांधावा."

राजवीर धावत एक खोका घेऊन आला. त्यात शिवलेला तयार फेटा होता. टोपीसारखा डोक्यावर ठेवला की झाले. "दादा, ह्यो घाला, टाइम न्हाय. लोकं वाट बघाय लागल्यात."

अमरसिंहांनी त्या खोक्याकडे पाहिले. मग हातातील टोकाकडे पाहिले. ते टोक त्यांनी हळूच सोडले आणि ते उघड्या डोक्याने पायऱ्या चढून गेले.

व्यासपीठावर सर्वांच्या डोक्यावर फेटे होते आणि मध्ये त्यांचे डोके उघडे होते. ते दिसताच चौकात एवढा गजर झाला की मला माझ्या शेजारणीचे बोलणे ऐकू येईना. लोक एकमेकांना सांगत होते, "बघा, शब्द मोडला न्हाय गड्यानं!" उदयसिंहही टाळ्या वाजवीत होते. अमरसिंहांनी हात जोडले. मी मागे बसलेली असल्याने मला त्यांचा चेहरा दिसला नाही. दिसला असता तर मला काही कळले असते का, हेही मी सांगू शकत नाही.

घरी परतताना रिक्षात कुतुबुद्दीनभाऊ पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. ते म्हणाले, "आक्का, त्यांनी खोक्यातला का घातला न्हाय?"

"लाज वाटली असंल."

"का उघडं डोस्कं बघून लोकं टाळ्या वाजवतील म्हनून?"

ते बाहेर पाहत राहिले.

निवडणूक झाली. अमरसिंह आणि उदयसिंह दोघेही निवडून आले, परंतु राज्यात सत्ता दुसऱ्यांची राहिली. भराव जेथे होता तेथेच आहे. त्यावरून आता डंपरऐवजी उसाच्या गाड्या जातात. अमरसिंह अजूनही उघड्या डोक्याने हिंडतात. गणपतराव म्हणतात की ते नाटक आहे. आमच्या गावातील काहीजण म्हणतात की ते व्रत आहे. चहाच्या गाडीवर हा वाद संपत नाही. कुतुबुद्दीनभाऊ आता त्या वादात पडत नाहीत. त्यांना मोठ्या नेत्यांच्या सभेचे बोलावणेही पूर्वीसारखे येत नाही. तयार फेटे स्वस्त पडतात, असे त्यांना सांगितले जाते.

यंदा पावसाळा सरल्यावर त्यांनी मला गच्चीवर बोलावले. नजीराचा खांदा धरला आहे, तिला हात वर उचलता येत नाही. आंबा रंगाचा फेटा उन्हात दोरीवर घातलेला होता. तो थोडा फिका झाला आहे. मी एक टोक धरले, त्यांनी दुसरे धरले.

"घट्ट धरा, आक्का," ते म्हणाले.

आम्ही घडी घालत एकमेकांकडे चालू लागलो. मध्येच वारा आला आणि कापड आमच्या हातांत फुगले. ते थांबले. गावाकडून आलेल्या माणसाला विचारावे तसे त्यांनी मला विचारले, "आता सीताफळं पिकली असतील न्हवं?"

"पिकली असतील," मी म्हणाले, आणि टोक सोडले नाही.