पहिल्या शनिवारचे पारधे

सत्यजीत पारध्यांच्या शोकसभेत चर्चच्या पाळकांनी ‘शेजारी म्हणून दोन शब्द बोला’ असं सांगितलं, तेव्हा काशिराम म्हात्रे उभा राहिला खरा, पण त्याच्या तोंडातून शब्द फुटेना. बावीस वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलेला माणूस. त्याचं मूळ गाव कुठलं, बायको कशाने गेली, एकटा घरात काय शिजवून खात होता, काही म्हणजे काही काशिरामला माहीत नव्हतं.

“मानूस चांगला व्हता,” एवढं म्हणून तो खाली बसला.

पारधे पनवेलच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. निवृत्तीनंतरही सायकलवरच फिरायचे. काशिराम वयाने लहान, तरी त्याला ‘शेठ’ म्हणायचे. काशिरामने घरावर नवा मजला चढवला, तेव्हापासून पारध्यांच्या अंगणातल्या रामफळाची पानं त्याच्या गच्चीवर पडायची आणि पाण्याचा पाइप तुंबायचा. एका डिसेंबरात पारधे नाताळासाठी लेकीकडे नाशिकला गेले. काशिरामने माणसं लावली आणि झाड मुळासकट काढून टाकलं.

पारधे परतले. अंगणातला खड्डा बघून भर गल्लीत ओरडले, “माझ्या बायकोच्या हातचं झाड होतं ते! तुमच्यात माणुसकीच नाही!”

गल्लीने त्यांचा चढलेला आवाज तेवढा एकदाच ऐकला.

दोन दिवसांनी, शनिवारी संध्याकाळी, ते काशिरामच्या फाटकाशी आले. “शेठ, मी रागात नको ते बोललो. माफ करा. अजून मनात राग आहे का?”

काशिराम ओशाळला. राग नाही म्हणावं, तर झाडाचं बोलणं निघणार. “बगू,” म्हणून तो आत गेला.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी पारधे पुन्हा हजर. तोच प्रश्न, तेच ‘बगू’. सहा वर्षं असं चाललं. झाडाचा विषय त्यांनी कधी काढला नाही, आणि काशिराम त्यानेच जास्त चिडायचा. हा माणूस आपला चांगुलपणा मिरवायला येतो, असं त्याला वाटायचं.

“झाड तुमी तोडलं, नि माफी तो मागतंय,” त्याची बायको भामा म्हणायची. “नाय राग, येवरं म्हनायला जीभ झडते काय तुमची?”

“तुला काय कलतं? गप ऱ्हा.”

शोकसभा संपल्यावर पारध्यांची लेक किशोरी चहा घेऊन आली. “काका, आलात, बरं वाटलं. बाबा नेहमी तुमचं नाव काढायचे.” ती शेजारी टेकली. “आमच्याकडे पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकर आणि द्राक्षरस. सहा वर्षं बाबांनी ते घेतलंच नाही हो. थाळी आली की बाकावर शेजारी बसलेल्याकडे द्यायचे. परवाच्या रविवारीसुद्धा. पाळक सांगायचे, तुम्ही क्षमा मागितलीत, आता घ्या. तर म्हणायचे, एकाच्या मनात माझ्याविषयी राग आहे, तो जाऊ दे, मग घेतो. कुणाच्या, ते काही शेवटपर्यंत सांगितलं नाही.”

काशिरामने कप खाली ठेवला.

“माज्या,” तो म्हणाला. “पन राग नवता, पोरी. तेंचं झाड मी तोडलं. मला लाज वाटं.”

किशोरीने त्याने ठेवलेला कप उचलला. मग हळूच म्हणाली, “हे त्यांना सांगायला हवं होतं, काका.”

सांगणारच तर होता तो. पारधे सोमवारी पहाटे गेले, त्याच्या आदल्याच शनिवारी. त्या दिवशी भामाने सकाळपासून पिच्छा पुरवला होता आणि काशिरामने मनाशी ठरवलंही होतं. पण संध्याकाळी त्याचा मुलगा हितेश चार मित्रांना घेऊन ओट्यावर बसलेला. पारधे आले. धाप लागली होती, फाटकाचा आधार घेऊन त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. काशिराम फाटकापर्यंत गेला. शब्द ओठांवर आले. पोरं मोबाइल बाजूला ठेवून बघत होती.

या वेळी ‘बगू’ तेवढं त्याच्याने म्हणवेना.

“उद्या पानी येनार नाय,” तो म्हणाला. “भरून ठेवा.”

सहा वर्षांत काशिराम आपण होऊन काही बोलला, ते हे पहिल्यांदाच. पारध्यांचा चेहरा फुलला.

“बरं झालं सांगितलंत, शेठ. भरतो.”