खांबाभोवतीची फट

दुपारचं जेवण झालंय, तोंडावर वर्तमानपत्र आहे आणि अक्षरं हळूहळू पातळ होत चालली आहेत. उशाशी निमंत्रण पडलंय. आमच्या विद्यापीठाच्या रसायनशास्त्राच्या इमारतीला आज शंभर वर्षं होताहेत, संध्याकाळी समारंभ. मी जाणार नाही, असं सुनेला दोनदा सांगून झालंय.

कूस बदलते, तर मी त्या इमारतीच्या काळ्या दगडी पायऱ्यांवर. वरच्या पायरीवर प्रयोगशाळेचे शिपाई सोनटक्केमामा. त्यांना जाऊन तीस वर्षं झाली, खाकी कोटाची इस्त्री मात्र आजची.

"येत नाही म्हणे तुम्ही."

"का येऊ? इथेच मेहेंदळे सरांनी माझ्या परीक्षेवर शेरा मारला, हात स्थिर नाही. संशोधनाची जागा गेली माझी."

मामा आत चालू लागतात. वायू वर जावा म्हणून बांधलेलं ते उंच छत, भिंतीतली धुराडी. एका धुराड्याखाली आमच्या घरचा कुकर लागलाय, त्याचं कुणालाच काही वाटत नाही. दार ढकललं की बॅलन्स रूम. तराजूचा दगडी खांब थेट खालच्या कातळातून वर आलेला. कुणाच्या चालण्याने तराजू हलू नये म्हणून खांब आणि फरशीमध्ये चहूकडून बोटभर फट ठेवली होती. ती आता दिसत नाही.

"तुम्हा पोरांची बारकी वजनं त्या फटीत पडायची," मामा सांगतात. "काढता काढता पाठ जायची माझी. एका दिवाळीच्या सुट्टीत सिमेंट भरून टाकलं. छान लेव्हल केलं."

"आणि माझ्या परीक्षेच्या दिवशी तराजूचा काटा हलत होता तो?"

"आम्लाच्या बाटल्यांची हातगाडी ढकलत होतो बाहेर. तुमचा हात नव्हता हो ताई. माझा पाय होता."

साठ वर्षांचा राग कुठे ठेवावा ते मला कळत नाही. जिवंतपणी का नाही सांगितलंत, एवढंच विचारते.

"मलाच वर गेल्यावर कळलं. मेहेंदळे सर आहेत तिथे. रोज बोलून दाखवतात."

"मग शेरा खोडला त्यांनी?"

"म्हणतात, अर्ज करा."

मामा वाकून नखाने सिमेंट उकरतात, माझ्या मुठीत काहीतरी ठेवतात. कुकरची शिट्टी होते.

डोळे उघडते. मूठ अजून मिटलेली. आत अॅल्युमिनियमचं नखाएवढं पान, चिमट्याने उचलता यावं म्हणून एक कोपरा वर दुमडलेला, वीस मिलिग्रॅमचा छाप, कडेला सिमेंटचा कण. तळहातावर ते थरथरतंय. आता त्र्याऐंशीव्या वर्षी हात खरोखरच माझा आहे.

स्वयंपाकघराकडे हाक मारते. रिक्षा बोलाव म्हणते, आणि तुझ्या सासऱ्यांची छिन्नी कुठे ठेवलीय ते बघ.